घरकुल दोन खोल्यांचं, फर्निचर टेम्पोभर! लग्नसराईत माप घेतंय कोण?

अहमदपूर : तुळशीचं लग्न लागलं की तालुक्यात दोन गोष्टी एकदम सुरू होतात. एक सोयरिकी, दुसरी बांधकामं. यंदा ऑगस्ट-सप्टेंबरच्या अतिवृष्टीनं सोयाबीन पाण्यात गेलं, तरी दोन्ही थांबलेलं नाही. नांदेड-लातूर रस्त्यावर सोफा, पलंग, कपाट लादलेले टेम्पो दिसतात आणि गावागावात घरकुलाच्या भिंती स्लॅबच्या उंचीला आलेल्या दिसतात. टेम्पो आणि घरकुल यांची गाठ पडते ती दारात. तिथं कळतं, की तीन फुटाच्या दारातून सोफा आत जात नाही. कसाबसा गेला तर माणसाला बसायला जागा राहत नाही.

ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. घरकुलासाठी सरकार पैसे देतं, त्याचं माप ठरवून देतं, फोटो काढून हप्ते सोडतं. घरात काय ठेवायचं हे मात्र घरच्यांवर असतं आणि तिथंच शेतकऱ्याच्या एका एकराचं उत्पन्न एका दुपारीत खर्च होतं. म्हणून या खरेदीचा हिशेब एकदा मांडायला हवा.

घर केवढं, सामान केवढं?

प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचं किमान क्षेत्र २५ चौरस मीटर आहे. म्हणजे २६९ चौरस फूट आणि त्यातच स्वयंपाकाची जागा धरलेली. सपाट भागासाठी केंद्र-राज्य मिळून १ लाख २० हजार रुपये मिळतात. शौचालयाचे १२ हजार आणि रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी वेगळी. राज्य सरकारनं २०२५ मध्ये त्यात ५० हजारांची भर टाकली. योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात २२ फेब्रुवारी २०२५ ला पुण्यातल्या कार्यक्रमात राज्यातल्या २० लाख लाभार्थ्यांना मंजुरीपत्रं देण्याची घोषणा झाली. म्हणजे येत्या एक-दोन वर्षांत राज्यात लाखो घरं याच मापाची उभी राहणार आहेत. अनेक जण पदरचे पैसे घालून एखादी खोली वाढवतात, पण बहुतेकांचा मूळ आराखडा हाच.

आता २६९ फुटांचं गणित. बाहेरची खोली १० बाय १२, म्हणजे १२० चौरस फूट. आतली १० बाय १०, म्हणजे १००. उरलेले ४९ फूट स्वयंपाकाला.

बाहेरच्या खोलीत तीन अधिक एक अधिक एक असा सोफा सेट टाकला, तर मोठा सोफा साधारण १८ चौरस फूट खातो, दोन लहान मिळून १५ आणि टीपॉय ८. झाले ४१ फूट. दार उघडायची आणि चालायची जागा सोडली, की खोली संपली. आतल्या खोलीत सहा बाय साडेसहाचा डबल बेड टाकला, तर ३९ फूट गेले. पलंग कोपऱ्यात भिंतीला लावला तर पायथ्याशी साडेतीन फूट उरतात. तिथं दीड फूट खोलीचं लोखंडी कपाट ठेवलं, की दोन फुटांची बोळ राहते. कपाटाचं दार उघडायलाच त्यातला दीड फूट लागतो. रात्री उठलेल्या म्हाताऱ्या माणसानं जायचं कुठून?

आणि हे घर नुसतं राहायचं नसतं. सुगीत बाहेरच्या खोलीत सोयाबीनची पोती थप्पीला लागतात. भाव वाढायची वाट बघत ती दोन-दोन महिने हलत नाहीत. वर्षाची ज्वारी, तुरीची डाळ, पेरणीचं बियाणं, फवारणीचा पंप, सगळं याच दोन खोल्यांत. शहरातल्या फ्लॅटमध्ये हॉल म्हणजे बसायची जागा. शेतकऱ्याच्या घरातली बाहेरची खोली दिवसा बैठक, रात्री निजायची जागा आणि सुगीत गोदाम असते. तिथं न हलणारं जड सामान टाकणं म्हणजे तिन्ही कामं अडवणं.

जुन्या घरात ही अडचण का नव्हती?

जुनं माळवदाचं घर खणात मोजलं जायचं. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. भिंती दोन-अडीच फूट जाडीच्या, त्यामुळं सामान भिंतीतच बसायचं. दिव्याला देवळी, डब्याडुब्याला कोनाडा, कपड्याला फडताळ, वाकळा टाकायला आडवी दांडी. धान्य कणगीत नाहीतर पेवात. बसायला घोंगडी आणि निजायला बाज. बाज सकाळी उभी करून भिंतीला टेकवली, की ओसरी मोकळी. उन्हाळ्यात तीच बाज अंगणात. गरिबी होती हे खरं, पण जागेचा विचारही होता.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानं जाड दगडमातीच्या भिंती माणसांच्या अंगावर पडल्या आणि लोकांचा त्या घरांवरचा विश्वास उडाला. तो उडायलाच हवा होता. पुनर्वसनात घरं मिळाली ती २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची, जमीन किती त्यावरून ठरवलेली. भूमिहीनाला २५०. भिंती पातळ झाल्या, घरं सुरक्षित झाली. पण कोनाडा, फडताळ, देवळी भिंतीतून गेली आणि त्यांचं सामान फरशीवर आलं. तेव्हापासून लातूर जिल्ह्यातल्या लहान घरांत हाच प्रश्न आहे. घरकुलानं तो गावोगावी नेला.

यावर उपाय बांधकाम सुरू असतानाच करता येतो. भिंतीत दीड फूट खोलीची कप्प्यांची जागा ठेवली, कडप्प्याचे दोन-तीन थर टाकले, दाराच्या उंचीवर चारी बाजूंनी सज्जा काढला, की कपाटाचं अर्धं काम भागतं. वाळवी लागत नाही, हप्ता लागत नाही. गिलावा झाल्यावर ही अक्कल सुचून उपयोग नाही. मिस्त्री जोत्यावर असतानाच घरातल्या बाईनं सांगायला पाहिजे, भांडी इथं, अंथरुणं तिथं.

एक सेट म्हणजे किती क्विंटल?

समजा सोफा, पलंग, कपाट मिळून ४० हजारांची खरेदी झाली. २०२५-२६ च्या हंगामाचा सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये ठरला. त्या भावानं साडेसात क्विंटल लागतात. पण हमीभाव केंद्रावर नंबर लागेपर्यंत कळ काढणं सगळ्यांना जमत नाही. आडतीवर ४,२०० नं घातलं तर साडेनऊ क्विंटल. एकरी आठ क्विंटल उतारा पडला तर बरं पीक आलं म्हणायचं. म्हणजे एक एकर सव्वा एकराचं सगळं सोयाबीन, बी-खत-फवारणी-काढणीचा खर्च न वजा करता, दोन खोल्यांच्या सामानात गेलं. खर्च वजा केला तर दोन-तीन एकरांची कमाई. ज्या वर्षी मन्याडच्या काठच्या रानांत गुडघाभर पाणी होतं, त्या वर्षीचा हा हिशेब आहे.

जीएसटी कमी झाला, पण कशावर?

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. टीव्ही, एसी २८ वरून १८ टक्क्यांवर आले. त्यावरून फर्निचरही स्वस्त झालं अशी समजूत पसरली आणि काही दुकानांत तसं सांगितलंही जातं. खरी गोष्ट अशी, की लाकडी, लोखंडी, प्लायवूडच्या फर्निचरवर पूर्वीही १८ टक्के होता आणि आजही १८ टक्केच आहे. त्यावरचा दर कमी झाला होता तो नोव्हेंबर २०१७ मध्ये, २८ वरून १८. या वेळी दर घटला तो पूर्ण बांबूच्या किंवा वेताच्या फर्निचरवर, १२ वरून ५ टक्के.

४० हजारांच्या मूळ किमतीवर १८ टक्के म्हणजे ७,२०० रुपये कर. ५ टक्क्यांनी २,०००. फरक ५,२०० रुपयांचा. हा फरक लातूर जिल्ह्याला फार लांबचा नाही. औसा तालुक्यातल्या लोदगा इथं पाशा पटेल यांच्या पुढाकारानं बांबूची रोपवाटिका आणि बांबूच्या वस्तूंचं काम उभं राहिलं आहे. जंगलाबाहेर लावलेला बांबू २०१७ च्या दुरुस्तीनं वन कायद्यातल्या 'झाड' या व्याख्येतून निघाला, त्यामुळं बांधावरचा बांबू तोडायला आणि न्यायला वन कायद्याची अडचण राहिली नाही. बांबूची खुर्ची, दिवाण हलका असतो, एका माणसाला उचलता येतो. अट एकच. बांबूवर बोरॅक्स-बोरिक अॅसिडची प्रक्रिया झालेली पाहिजे. नाहीतर वर्षात भुंगा लागतो आणि खाली पिठी पडायला लागते. घेताना हे विचारावं आणि बिलावर लिहून घ्यावं.

बिलाचाही मुद्दा आहेच. पक्कं बिल नको म्हटलं की कर वाचतो, असं सांगून कच्च्या चिठ्ठीवर माल दिला जातो. सहा महिन्यांनी पलंगाची फळी फुगली तर ती चिठ्ठी घेऊन ग्राहक आयोगात भांडणं अवघड. ज्याला माल बदलून मिळायची आशा ठेवायची आहे, त्यानं पक्कं बिल घ्यावं.

बिनव्याजी हप्त्याची गोम

'शून्य टक्के व्याज' अशी पाटी बऱ्याच ठिकाणी दिसते. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना सांगितलं होतं, की शून्य टक्के व्याज असं काही नसतं, व्याज दुसऱ्या नावानं वसूल होतं. एक तर प्रोसेसिंग फी असते, नाहीतर रोखीवर मिळणारी सूट हप्त्यावाल्याला मिळत नाही. म्हणून दुकानात आधी रोख भाव विचारावा, मग हप्त्याचा. दोन्हींतला फरक तेच व्याज.

त्याहून मोठी गोम पुढं आहे. नोकरदाराला पगार महिन्याला येतो, शेतकऱ्याला वर्षातून एक-दोनदा. दर महिन्याच्या पाच तारखेचा हप्ता जून-जुलैत, पेरणीच्या ऐन ओढीत चुकतो. चुकला की दंड लागतो आणि सिबिल खराब होतं. पीककर्जाला सिबिलची अट घालू नका असं सरकार बँकांना बजावत असलं, तरी शाखेत गेल्यावर ते बघितलं जातं हा अनुभव गावोगावचा आहे. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर राज्यात शून्य टक्क्यानं पडतं. ते खरं बिनव्याजी कर्ज. सोफ्याच्या हप्त्यापायी ते धोक्यात घालणं परवडणारं नाही.

काय टिकतं, काय फुगतं?

स्वस्त पलंग-कपाटांत बहुतेक वेळा भुशाचा दाबलेला बोर्ड असतो. वरून सनमायका चकचकीत, आत भुसा. एकदा ओल लागली की फुगतो आणि स्क्रू धरत नाही. यंदाच्या पावसात ज्या घरांत पाणी शिरलं, तिथं हे चांगलंच कळलं. लोखंडी पेट्या पुसून परत वापरात आल्या, बोर्डाचे पलंग उकिरड्यावर गेले. प्लायवूड घ्यायचं तर त्यावर आयएसआयचा शिक्का बघावा. आयएस ३०३ हा साध्या प्लायवूडचा क्रमांक, आयएस ७१० पाण्यात टिकणाऱ्याचा. स्वयंपाकघरात आणि न्हाणीजवळ दुसरा लागतो.

लोखंडी कपाटाला पत्र्याचा गेज विचारावा. आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ. २० गेज जाड, २४ गेज पातळ. दाराला बोट दाबून बघितलं तरी अंदाज येतो. सोफ्याच्या फोमची डेन्सिटी विचारावी. ३२ च्या खालचा फोम वर्ष-दोन वर्षांत बसतो.

लाकडाचा पर्याय अजून संपलेला नाही. लातूर हा राज्यात सर्वांत कमी जंगल असलेल्या जिल्ह्यांपैकी एक. सागवान इथं किनवटकडून नाहीतर तेलंगणातून येतं, म्हणून महाग. पण बांधावरचा लिंब आणि बाभूळ घरचीच. लिंबाच्या लाकडाला कीड कमी लागते, बाभळीचं लाकूड जड आणि चिवट. गावातला सुतार अजून हाताशी असेल, तर वाळलेल्या लिंबाचा सहा बाय तीनचा दिवाण दुकानातल्या बोर्डाच्या पलंगापेक्षा जास्त वर्षं जाईल. लाकूड वाळलेलं असणं महत्त्वाचं, ओलं लाकूड फाटतं. आणि आंबा, चिंच, सागवान अशी झाडं स्वतःच्या बांधावरची असली तरी तोडायला परवानगी लागते, हे लक्षात ठेवावं.

कोणत्या खोलीत काय?

बाहेरच्या खोलीत सोफ्याऐवजी खण असलेला एक दिवाण आणि एकावर एक रचता येतील अशा चार-सहा खुर्च्या. दिवाण १८ चौरस फूट घेतो. दिवसा तीन माणसं बसतात, रात्री एक निजतं, खाली अंथरुणं मावतात. सुगीत खुर्च्या एका कोपऱ्यात रचल्या, की पोत्यांना जागा. घरात म्हातारं माणूस असेल तर एक हाताची, दीड फूट उंचीची टणक खुर्ची पाहिजेच. मऊ आणि खोल सोफ्यातून गुडघेदुखीवाल्या माणसाला उठवायला दोघं लागतात.

आतल्या खोलीत डबल बेडपेक्षा दोन सुटे सिंगल पलंग बरे. जोडले तर डबल, वेगळे केले तर दोन खोल्यांत. गादी कापसाची असेल तर चार-पाच वर्षांनी पिंजून नवी होते, फोमची बसली की फेकावी लागते. कपाट एकच, पण जाड पत्र्याचं.

स्वयंपाकाला भिंतीवरची स्टीलची मांडणी आणि उभ्यानं काम होईल असा ओटा. तिथं फर्निचर नाहीच म्हटलं तरी चालतं.

आणि एक वस्तू जी बहुतेक यादीत नसते. लेकरांचं टेबल. ज्या जिल्ह्याच्या 'लातूर पॅटर्न'साठी राज्यभरातून पोरं शिकायला येतात, त्याच जिल्ह्यात कित्येक घरांत सोफा असतो, पण दहावीच्या पोरीला लिहायला जागा नसते. ती पलंगावर पोटावर पडून नाहीतर पाटावर वही ठेवून लिहिते. तीन बाय दीडचं टेबल साडेचार चौरस फूट घेतं. टीपॉयपेक्षा कमी.

लेकीचं सामान, पसंती कुणाची?

तालुक्यातली मोठी फर्निचर खरेदी बहुतेक लग्नाच्या निमित्तानं होते. 'संसारोपयोगी साहित्य' म्हणून मुलीचा बाप देतो. यादी सोयरिकीच्या बैठकीत ठरते. तिथं पुरुष मंडळी असतात, दोन्हीकडचे मामा असतात, मध्यस्थ असतो. जिला त्या खोलीत राहायचं आहे ती आत चहा करत असते. सासरची खोली तिनं बघितलेली नसते, बापानं मोजलेली नसते. मांडवात दिसायला मोठं दिसलं पाहिजे, एवढंच माप.

इथं कायदा स्पष्ट आहे. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्यानं मागून घेतलेली वस्तू हुंडाच ठरते, मग ती रोकड असो की पलंग. 'आम्हाला काही नको, तुमच्या लेकीला काय द्यायचं ते द्या' असं म्हणून यादी पुढं करणं ही मागणीच आहे. न मागता, खुशीनं दिलेल्या भेटीची १९८५ च्या नियमांप्रमाणे लेखी यादी करायची असते. वस्तू कोणती, अंदाजे किंमत किती, कुणी दिली, नातं काय, खाली वधू-वर दोघांच्या सह्या. ही यादी गावात फारसं कोणी करत नाही. पुढं संसार मोडला, की मुलगी कपड्यानिशी माहेरी येते आणि सामान सासरी राहतं. दिलं होतं हे सिद्ध करायला कागद नसतो. मंडपात हजार माणसांनी बघितलेला सोफा कोर्टात कुणाला आठवत नाही.

यातली विसंगती बघा. घरकुल मंजूर होतं ते पती-पत्नीच्या संयुक्त नावानं किंवा बाईच्या नावानं. घराच्या कागदावर तिचं नाव आलं, पण घरातल्या कपाटाच्या निवडीत तिचा शब्द नाही. भिंतीवर हक्क आणि भिंतीच्या आतल्या सामानावर दुसऱ्याची पसंती, असं हे चाललं आहे.

बदल मोठा करायचा नाही. द्यायचंच असेल आणि खुशीनं असेल, तर लग्नाआधी न देता लग्नानंतर दोन-तीन महिन्यांनी द्यावं. तोवर मुलगी खोलीत राहिलेली असते. दार किती, खिडकी कुठं, ओल कोणत्या भिंतीला, सासूचे गुडघे कसे आहेत, हे तिला माहीत झालेलं असतं. तिलाच दुकानात न्यावं, टेप तिच्या हातात द्यावा, पक्कं बिल तिच्या नावानं करावं. ते बिलच उद्या तिचा कागद होईल. उरलेले पैसे तिच्या खात्यावर टाकले तर त्याला वाळवी लागत नाही.

मांडवात त्या दिवशी सामान दिसणार नाही, पाव्हणे काय म्हणतील, हा प्रश्न राहतोच. पाव्हणे जेवून संध्याकाळी आपापल्या गावाला जातात. दोन फुटांच्या बोळीतून रोज आडवं होऊन जायचं असतं ते घरच्यांना.